त्याले काय भेटते?

गेल्या आठवड्यात पुसदच्या बसस्थानकावर अकोल्याच्या गाडीत बसलो होतो. पुढच्या बाकावर तांड्यावरून आलेली एक म्हातारी माय. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत लेकीसाठी तुरीची डाळ, पदराच्या गाठीत मोजून बांधलेले पैसे. वाहक मशीन घेऊन आले तशी तिनं गाठ सोडली.

"वाशीमचं अर्धं दे रे बाबू. तेथून मले रेल्वेनं अकोल्याले जाचं हाय."

"रेल्वेनं काऊन? हे गाडी अकोल्यालेच तं जाते."

"म्हाताऱ्याइले रेल्वेत पुन्हा सवलत चालू झाली म्हणते. नातवाच्या मोबाइलवर आलं."

वाहकांनी मशीन खाली घेतलं. "माय, आधार हाय काय जवळ?" तिनं पिशवीच्या तळातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढलं. जन्मतारीख १ जानेवारी १९४९. जन्माची नोंद नसलेल्या आपल्या सगळ्या आज्या-आजोबांना सरकारनं दिलेली तीच ती १ जानेवारी. वाहकांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "माय, तुले पंच्याहत्तर पुरे झाले. तुले एसटीत पैसेच नाही. वाशीमलेही नाही, अकोल्यालेही नाही." मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट निघालं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि पैशाची गाठ पुन्हा बांधली.

त्या एका तिकिटात या आठवड्याचं सगळं सदर आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० रोजी बंद झाली. त्याआधी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के सूट होती. ती "पुन्हा सुरू झाली" असे निरोप तेव्हापासून पुन्हा पुन्हा फिरतात आणि सरकारला पुन्हा पुन्हा ते खोटे आहेत म्हणून सांगावं लागतं. दुसरीकडे, ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून खरोखरच मोफत आहे. खोटी सवलत तांड्यापर्यंत पोचली. खरी पोचली नाही. बाईमाणसाला अर्धं तिकीट मिळतंच, म्हणून माय अर्धे पैसे देत राहिली. आधार कोणी मागितलं नाही, तिनं दाखवलं नाही.

असं का होतं? खोटी बातमी पसरवणाऱ्याला काहीतरी मिळतं. खरी बातमी सांगणाऱ्याला काहीच मिळत नाही. एवढंच कारण आहे.

*

आमचे मोठे काका कापूस पिकवायचे. हंगामात खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "काकाजी, आजच देऊन टाका, उद्या भाव पडते." काका त्याला चहा पाजायचे, ऐकून घ्यायचे आणि तो गेल्यावर आम्हा पोरांना एकच प्रश्न विचारायचे: "त्यानं सांगतलं ते ठीक हाय. पण त्याले काय भेटते?" आज आम्ही विकलं तर फायदा कोणाचा, उद्या विकलं तर कोणाचा, हे आम्ही सांगितल्याशिवाय त्यांचा निर्णय होत नसे. कधी ते त्याच दिवशी विकायचेही. पण सांगणाऱ्याचा वाटा मोजून झाल्यावरच.

आता प्रवासाच्या बक्षिसांचा बाजार दारात काटा घेऊन उभा आहे. फुकट विमान, फुकट हॉटेल, विमानतळावर फुकट जेवण, कार्डावर पॉइंट, पॉइंटांवर तिकीट. हे सांगणारे शेकडो आहेत आणि त्यातले बरेच आता मराठीत बोलतात. कोणाचं ऐकायचं? काकांचा प्रश्न घ्या आणि एकेकाला लावा.

पहिला तो रीलमधला पोरगा. समुद्रकिनारी उभा राहून सांगतो की हे क्रेडिट कार्ड घ्या, वर्षात दोन विमान तिकिटं फुकट. खाली लिंक देतो. त्याले काय भेटते? त्या लिंकवरून अर्ज केलात आणि कार्ड मंजूर झालं की त्याला पैसे मिळतात. तुमचं विमान उडो न उडो, त्याचं उडालेलं असतं. कमिशन घेणं हा गुन्हा नाही. ते लपवणं मात्र चूक आहे, आणि याबद्दल देशात नियम आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये अशा प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट सहल, फुकट मुक्काम, सूट, यापैकी काहीही घेतलं असेल तर ते ठळक सांगायचं. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत कबुली द्यायची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड ठेवला आहे.

ती भाषेची अट नीट वाचा. मराठीत दोन मिनिटं गोड बोलायचं आणि कोपऱ्यात बारक्या इंग्रजी अक्षरात जाहिरात असल्याचं टाकायचं, हे चालत नाही. ज्या पोरानं मराठीत "मित्रांनो" म्हटलं, त्यानं मराठीतच "मला याचे पैसे मिळतात" म्हटलं पाहिजे. तेवढं म्हणायची हिंमत नसेल तर त्याच्या फुकट विमानावर विश्वास ठेवायची आपल्यालाही गरज नाही.

*

आता हिशेब, कारण पुसदचा माणूस हिशेबाला घाबरत नाही.

समजा एका कार्डावर १०० रुपये खर्चामागे एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे. साध्या कार्डांचा मासला साधारण असाच असतो. म्हणजे लाखभर रुपये खर्च करा, हातात अडीचशे रुपये.

आता याच कार्डाचं २० हजारांचं बिल एक महिना थकलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, बऱ्याच कार्डांचं तेवढं असतं. ७०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६. उशिराचा दंड वेगळा. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत गेली. हे ८२६ रुपये पॉइंटांतून भरून काढायचे तर तुम्हाला ३ लाख ३० हजार रुपये खर्च करावे लागतील. एका महिन्याच्या उशिरानं सव्वातीन लाखांच्या खर्चाचे पॉइंट धुऊन नेले.

महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. आपल्या बापजाद्यांनी ज्या सावकाराच्या नावानं बोटं मोडली, त्याच्यापेक्षा हे दर कमी आहेत काय, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज नको, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. म्हणजे ती वेसणही राहिली नाही.

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. आता किराणा दुकानातला काळा-पांढरा क्यूआर चौकोन फोनला दाखवला की उधारी होते. खिशातून नोट निघाली की हाताला कळतं. कार्डाचं हाताला कळत नाही, महिन्यानं कळतं. म्हणून माझी पहिली कसोटी ही: जो माणूस कार्डाच्या पॉइंटांबद्दल सांगताना व्याजाचा आकडा त्याच दमात सांगत नाही, त्याचं पुढचं वाक्य ऐकू नका. आणि जो म्हणतो, "महिन्याचं बिल पूर्ण भरायची सवय नसेल तर हे कार्ड घेऊच नका", त्याचं सगळं बोलणं ऐका. तुम्ही कार्ड घेतलं नाही तर त्याचं कमिशन बुडतं, तरी तो सांगतो. असा माणूस कामाचा.

ज्यांनी फोनवरच्या गोड बोलण्यात येऊन कार्ड घेतलं आणि आता नको झालं, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, सगळी बाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं की बँकेनं ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद केलं पाहिजे. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. हे कोणी रीलमध्ये सांगताना मी पाहिलं नाही. कार्ड बंद करवून कमिशन मिळत नाही.

*

दुसरी कसोटी तारखेची. पॉइंट हे पैसे नव्हेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पॉइंटाला कसलंही नाही. तो कंपनीचा शब्द आहे आणि कंपनी असेपर्यंतच आहे.

विमान कंपनीच्या प्रवाशाला मैल मोजून बक्षीस देण्याची चाल अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये जोरात आणली. आपल्याकडे किंगफिशरनं तेच केलं, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात ती विमानं जमिनीवर आली ती कायमची. लोकांनी जमवलेल्या मैलांचं विमानच राहिलं नाही. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ चं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिथले पॉइंट वर्ग झाले, पण ज्या योजनेचे गोडवे ऐकून लोकांनी कार्डं घेतली ती योजना त्या नावानं उरली नाही. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा सल्ला आजचा म्हणून वाचू नका. ज्याच्या सल्ल्यावर तारीख नाही, तो सल्ला नाही.

आणि कंपनी स्वतःच फसते असंही होतं. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये हूवर कंपनीनं १०० पौंडांची खरेदी करणाऱ्याला दोन विमान तिकिटं फुकट देऊ केली. लोक झाडूयंत्र नको असताना तिकिटांसाठी यंत्रं घेऊ लागले. कंपनीला सगळ्यांना तिकिटं देता येईनात, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं आणि जवळपास ५ कोटी पौंडांचा फटका बसला. दिलेल्या किमतीपेक्षा मोठं बक्षीस दिसलं, तर कोणीतरी त्याची किंमत भरणार आहे. ते कोण, हे आधी शोधायचं.

*

तिसरी कसोटी माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. सल्ला पुसदहून सुरू होतो काय?

वसंतराव आणि सुधाकरराव नाईक, दोन मुख्यमंत्री या तालुक्यानं महाराष्ट्राला दिले. तरी पुसदला आज रेल्वेची शिट्टी वाजत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग पुसदवरूनच जाणार. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तो आला, आणि वर्धा ते कळंब एवढ्या तुकड्यावर गाडी धावायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडला. तो पुसदला पोचेपर्यंत इथल्या माणसाची रेल्वे म्हणजे वाशीम, हिंगोली, नांदेड. विमान म्हणजे नांदेड नाहीतर नागपूर. प्रत्येक प्रवासाचा पहिला तुकडा एसटीचा, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा.

मग विमानतळावरच्या लाउंजमध्ये दोन रुपयांत जेवण मिळतं, हा सल्ला आपल्या कोणाच्या कामाचा? त्या जेवणासाठी कार्डाची वार्षिक फी भरायची आणि तीन महिन्यांत ठरावीक खर्च करायचा, अशा अटी आता बऱ्याच कार्डांना लागल्या आहेत. वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्यानं घरून पोळी-भाजीचा डबा नेला तर तो जास्त पैसे वाचवतो.

पुसदच्या पोराला कोणता सल्ला हवा? दिवाळीत पुण्याहून घरी येताना ट्रॅव्हल्सवाला दुप्पट-तिप्पट भाडं मागतो, तेव्हा काय करायचं हा. त्याचं उत्तर आहे. राज्य सरकारच्या एप्रिल २०१८ च्या निर्णयाप्रमाणे, खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. जास्त घेतलं तर तक्रार परिवहन विभागाकडे करता येते. पोरांनो, तिकीट जपून ठेवा, फोटो काढा, तक्रार करा. या एका नियमात तुमच्या दहा कार्डांच्या पॉइंटांपेक्षा जास्त पैसे आहेत.

*

चौथी गोष्ट घराच्या जास्त जवळची आहे आणि मी ती रागानं लिहितो आहे.

प्रवासाचं बक्षीस आपल्या गावात विमान कंपनीच्याही आधी कृषी केंद्रात आलं. बियाणं, खत, फवारणीचं औषध विकणाऱ्या कंपन्या दुकानदाराला उद्दिष्ट देतात. एवढ्या पेट्या विका, गोव्याची सहल. तेवढ्या विका, थायलंडची. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, परतल्यावरचे फोटोही सगळे पाहतात. सगळे दुकानदार असे नसतात. उधारीवर बियाणं देऊन, नको असलेलं औषध परत घेऊन शेतकऱ्याला सांभाळणारे दुकानदार या तालुक्यात आहेत. पण कपाशीवर पांढरी माशी दिसली आणि शेतकरी काउंटरवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात पडणारी बाटली त्याच्या पिकासाठी आहे की कोणाच्या सहलीसाठी, हे त्याला कसं कळावं?

याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणं अनेक होती आणि मी त्यांचा दोष कोणाच्या सहलीवर टाकत नाही. पण ज्या जिल्ह्यानं औषधाच्या एका बाटलीची किंमत जिवानं मोजली आहे, तिथं बाटली निवडून देणाऱ्याच्या मनात दुसरं काही असता कामा नये.

डॉक्टरांच्या बाबतीत सरकारनं हे ओळखलं. मार्च २०२४ मध्ये आलेल्या औषध विपणनाच्या संहितेनं कंपन्यांना बजावलं की डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना सहली द्यायच्या नाहीत. परिषदेत बोलायला बोलावलेल्या डॉक्टरांसारखे मोजके अपवाद सोडून. माणसाच्या औषधाला जी रेघ, ती पिकाच्या औषधालाही ओढली पाहिजे. तोपर्यंत दुकानदाराला तोंडावर विचारा: "भाऊ, या कंपनीची काही स्कीम चालू हाय काय?" रागावू नका, आवाज चढवू नका. प्रश्न सरळ आहे. प्रामाणिक दुकानदार सरळ उत्तर देतो आणि आपला त्याच्यावरचा विश्वास वाढतो.

*

आणि जिथं प्रश्न विचारायलाही थांबायचं नाही, अशा दोन जागा.

एक, फोनवर येणारा निरोप: "तुमचे इतक्या हजारांचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपत आहेत, खालचं ॲप घ्या." ती एपीके फाइल असते. ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. स्टेट बँकेच्या नावानं असे निरोप फिरले तेव्हा आपण अशा लिंका आणि एपीके पाठवत नाही, असं बँकेला जाहीर सांगावं लागलं. पॉइंट खरेच संपणार असतील तर संपू द्या. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

दोन, हॉटेलच्या हॉलमधलं बोलावणं. आमच्या शेजारच्या जोडप्याला प्रदर्शनात भरलेल्या चिठ्ठीवर "दोन रात्री, तीन दिवस मोफत" लागलं. नवरा-बायको दोघांनीही यायचं, ही अट. हॉलमध्ये तीन तास बसवलं, सरबत दिलं, टाळ्या वाजवल्या आणि आज सही केली तरच सवलत म्हणून सभासदत्वाचे कागद पुढे केले. शेजारच्या काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कागद घरी देता काय? उद्या वाचून सांगतो." कागद घरी मिळाले नाहीत. मोफत मुक्कामही मिळाला नाही. पण लाखभर रुपये वाचले. जो कागद घरी नेऊ देत नाही, त्यावर सही करायची नाही, हा काकूंचा नियम प्रत्येक घरात भिंतीवर लावण्यासारखा आहे.

*

आता ज्यांचं ऐकायचं त्यांच्याकडे येतो, कारण नुसतं नको-नको सांगून माणूस गावाला पोचत नाही.

ज्याले काही भेटत नाही, त्याचं पहिल्यांदा ऐका. पुसदच्या बसस्थानकावरच्या खिडकीत, वाहकाच्या मशीनमागे, असा माणूस बसला आहे. तुम्ही फुकट गेलात काय आणि पूर्ण पैसे देऊन गेलात काय, त्याचा पगार तोच. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली. तेव्हापासून गावोगाव जाणाऱ्या या गाडीत आज जेवढी खरी सवलत आहे, तेवढी कुठल्याच कार्डात नाही. आणि तिला वार्षिक फी नाही.

७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट. पाचवी ते बारावीत शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास. पूर्ण तिकीट काढणारा पुरुष प्रवासी १५० किलोमीटरहून लांब जाणार असेल आणि आगाऊ आरक्षण करणार असेल, तर जुलै २०२५ पासून १५ टक्के सूट, दिवाळी आणि उन्हाळ्याची गर्दी सोडून. माहूर, पंढरपूर, तुळजापूर एका दमात करायचं असेल तर "आवडेल तेथे कोठेही प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास.

बारकावेही सांगतो, कारण बारकावे न सांगणारा सल्लागार अर्धवट. ही वयाची आणि स्त्रियांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे. आदिलाबादकडे जाणाऱ्या आपल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. सीमा ओलांडली की पुढचे पूर्ण पैसे लागतात, त्यावरून वाहकाशी भांडू नका. आगाऊ आरक्षण केलं तर आरक्षणाचं शुल्क वेगळं द्यावं लागतं. वयाच्या सवलतीला ओळखपत्र जवळ हवं, आधार असलं तरी चालतं. ६५ ते ७५ मधल्या बायकांना दोन सवलती मिळून फुकट होत नाही, अर्धंच राहतं.

हे सगळं पुसदच्या बसस्थानकावर, चढायच्या जागी, माणसाच्या उंचीवर, मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असलं पाहिजे. आणि गोरमाटी बोलणाऱ्या आपल्या तांड्यांतल्या आज्यांसाठी ध्वनिक्षेपकावर त्यांच्या बोलीत सांगितलं गेलं पाहिजे. पोहरादेवीच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात, तेव्हा गर्दीत उभं राहून हे सांगणं काही कठीण नाही. खोट्या निरोपाला खरा निरोप हेच औषध आहे, आणि तो त्याच्याइतकाच जोरात सुटला पाहिजे.

*

गाडी पुसद सोडून घाटाला लागली, तेव्हा मी वहीचं एक पान फाडलं. त्यावर ठळक लिहिलं: "वय ७५ पूर्ण. एसटीत तिकीट शून्य. आधार दाखवा." आणि मायच्या हातात दिलं, म्हटलं दुसऱ्या गाडीत कोणी पैसे मागितले तर हे दाखव.

तिनं कागद हातात घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुले काय भेटते रे बाबू यातून?"

आमच्या काकांचा प्रश्न मी इतकी वर्षं लोकांना विचारत आलो. मला तो कोणी विचारला नव्हता. तिला जे सांगितलं तेच वाचकांनाही सांगतो. हे सदर लिहिण्याचं मानधन मला वर्तमानपत्र देतं. एसटीकडून, बँकेकडून, कार्डवाल्याकडून, कोणत्याही कंपनीकडून मी एक रुपया किंवा एक तिकीट घेतलेलं नाही. ज्या दिवशी घेईन, त्या दिवशी पहिल्या ओळीत लिहीन.

तिनं ऐकून घेतलं. मग तो कागद आधारच्या पाकिटात सरकवला आणि म्हणाली, "आणखी चार लिहून दे. आमच्या तांड्यात माह्यापेक्षा मोठ्या चौघी हायत."

वाशीम येईपर्यंत चार लिहून झाले.